सात घरे पलीकडचा ‘क’

(बेळगावच्या शहापुरातील एका गल्लीतली खिडकी दिसते. टेबलावर जुना लॅपटॉप उघडा आहे आणि बाहेरून यंत्रमागाचा आवाज येतो आहे.)

रात्रीचे साडेदहा वाजले आहेत आणि शेजारच्या घरातला माग अजून थांबलेला नाही. शहापूर-वडगाव भागात वाढलेल्या माणसाला या खटखटीचा त्रास होत नाही. उलट ती मध्येच बंद पडली, तर वीज गेली की धागा तुटला, याचा अंदाज तो झोपेतही बांधतो. दिवसा मी उद्यमबागेतल्या एका कारखान्यात तपासनीस आहे. ओतकामातून आलेला आणि लेथवर कातलेला जॉब हातात घ्यायचा, मायक्रोमीटरने मोजायचा आणि मापात बसला नाही तर लाल खडूने फुली मारून बाजूला ठेवायचा, हे माझे पोटापाण्याचे काम. सॉफ्टवेअर हे माझे शिक्षणही नव्हे आणि नोकरीही नव्हे. जेवणाची ताटे उचलली गेल्यानंतर आणि मुलाचा गृहपाठ संपल्यानंतर जो दीड-दोन तासांचा वेळ उरतो, तेवढ्यात बसणारा हा छंद आहे. तो गेली काही वर्षे माझ्या झोपेतून वजा होत आला आहे.

(लॅपटॉपच्या पडद्यावर फोल्डरांची यादी सरकते.)

आता पडद्यावर दिसतात ते माझे उद्योग. ‘चाचणी’, ‘चाचणी 2’, ‘नवीन’, ‘शेवटचे’ आणि ‘शेवटचे खरे’ अशी फोल्डरांची नावे वाचूनच त्यातले किती पूर्ण झाले असतील, हे लक्षात यावे. एकदा विजेच्या झटक्याने हार्ड डिस्क गेली आणि चार महिन्यांचे काम तिच्याबरोबर गेले. तेव्हापासून मी प्रत्येक बदल गिटमध्ये नोंदवतो. लिनस टॉरव्हाल्ड्स यांनी 2005 साली लिनक्स या संगणक प्रणालीच्या कामासाठी तयार केलेली ही व्यवस्था प्रत्येक टप्प्याची नोंद जपून ठेवते आणि मागे जाता येते. मला तिचे अप्रूप अधिक वाटते, कारण लेथवर एकदा जास्त कातले गेलेले लोखंड पुन्हा चिकटवता येत नाही.

या यादीतला भिशीचा प्रकल्प मी अजून पुसलेला नाही. आईची भिशी 20 जणींची आहे. दर महिन्याला प्रत्येकी 500 रुपये जमतात आणि स्टीलच्या डब्यातून जिच्या नावाची चिठ्ठी निघेल तिला 10,000 रुपये मिळतात. हिशेबाची वही जीर्ण झाली होती, म्हणून मी मोबाईलवर चालणारे एक छोटे ॲप लिहिले. त्यात जमा रकमेची नोंद होती आणि चिठ्ठी काढण्याचे बटणही होते. पहिल्या महिन्यात सगळ्यांनी कौतुक केले. दुसऱ्या महिन्यात बटण दाबले, तर पुन्हा त्याच मावशींचे नाव आले. आधी निघालेली नावे मी केवळ तात्पुरत्या स्मृतीत ठेवली होती. दरम्यान मोबाईल बंद होऊन पुन्हा सुरू झाला, तेव्हा ती यादी कोरी झाली होती. दुरुस्ती दोन ओळींची होती आणि ती मी तिथल्या तिथे करून दाखवली. परंतु तोवर आतून डबा आलेला होता आणि शेजारच्या पाच वर्षांच्या मुलीने डोळे मिटून चिठ्ठी उचललीही होती. वहीसुद्धा परत आली. वहीत पैसे घेणारीची सही असते, जिला सही येत नाही तिचा अंगठा असतो, आणि भांडण झालेच तर त्या पानावर बोट ठेवता येते. माझ्या ॲपमध्ये बोट ठेवायला जागा नव्हती, हे कबूल करायला मला बरेच दिवस लागले.

(मध्यवर्ती बसस्थानक. गाड्यांच्या कपाळावरच्या पाट्या एकामागून एक दिसतात.)

आता ज्या प्रकल्पासाठी ही चित्रफीत केली आहे, त्याकडे येतो. माझी आई मराठी चौथी शिकलेली आहे. तिची धाकटी बहीण खानापूर तालुक्यात राहते आणि तिच्याकडे जाण्यासाठी आई महिन्यातून एकदा एसटी स्टँडवर येते. ज्या गाडीवर फक्त कन्नड पाटी असते, तिथे तिला कोणाला तरी विचारावे लागते, आणि विचारणे तिला आवडत नाही. 1 नोव्हेंबर 1956 रोजी बेळगाव जिल्हा तत्कालीन म्हैसूर राज्यात गेला, त्या गोष्टीवर आमच्याकडे चहाच्या प्रत्येक टपरीवर बोलणारे लोक आहेत. मला इथे फक्त एका म्हातारीच्या प्रवासाविषयी बोलायचे आहे. दोन वर्षांपूर्वी ती खानापूरची समजून धारवाडच्या गाडीत बसली. हिरेबागेवाडीचा टोलनाका दिसल्यावर तिच्या लक्षात आले. घरी आल्यावर ती एवढेच म्हणाली, “अक्षरं दिसत्यात रे सगळी, खरं लागत नाहीत.” आमच्याकडे ‘पण’ म्हणायच्या जागी ‘खरं’ म्हणतात, एवढे बाहेरच्या प्रेक्षकांसाठी सांगून ठेवतो.

माझा पहिला विचार फोटोचा होता. पाटीचा फोटो काढायचा, अक्षरे ओळखणाऱ्या प्रणालीकडे द्यायचा आणि उत्तर देवनागरीत दाखवायचे. टेसरॅक्ट नावाची मोफत प्रणाली कन्नड ओळखते आणि छापील पानावर माझे काम तिने चोख केले. पाट्यांवर मात्र सगळे बिघडले. रंगवलेल्या पाट्यांवर धूळ होती, आणि दिव्यांच्या पाट्यांची अडचण तर मला ठाऊकच नव्हती. त्या पाटीतले सगळे दिवे एकाच क्षणी पेटलेले नसतात. ओळीओळीने ते इतक्या वेगाने उघडझाप करतात की डोळ्याला अखंड अक्षर दिसते. कॅमेरा मात्र त्यातला एकच क्षण टिपतो आणि फोटोत अर्धे अक्षर काळे येते. (असा एक फोटो दिसतो: अक्षरांचा वरचा भाग उजळ आहे आणि खालचा गायब आहे.) स्टँडवर उभा राहून मी असे साठेक फोटो काढले, तेव्हा एका कंडक्टरने माझी तक्रारदार म्हणून चौकशीही केली.

मग मी अक्षरांच्या मुळाशी गेलो, आणि तिथे मला जे सापडले त्याने तीन रात्री झोप आली नाही. संगणकात प्रत्येक अक्षराला क्रमांक असतो. युनिकोड या जगभर वापरल्या जाणाऱ्या क्रमांक-यादीत देवनागरी ‘क’चा क्रमांक 2325 आहे आणि कन्नड ‘क’चा 3221. दोहोंतला फरक 896. ‘ख’चा फरक काढला, तोही 896. ‘ळ’चा फरक 896, आकाराच्या कान्याचा 896, आणि आकड्यांचासुद्धा तितकाच. याचे कारण असे की, भारतीय लिप्यांसाठी इस्की नावाचे जे सांकेतिक प्रमाण बनले, त्यात सर्व लिप्यांतल्या समान ध्वनींना समान जागा दिलेली होती, आणि त्याच्या 1988 सालच्या आवृत्तीची मांडणी युनिकोडने पुढे उचलली. प्रत्येक लिपीला 128 खोल्यांचे एकेक घर मिळाले. देवनागरीच्या घरापुढे बंगाली, गुरुमुखी, गुजराती, ओडिया, तमिळ आणि तेलुगू अशी सहा घरे आहेत आणि सातवे घर कन्नडचे. सात गुणिले 128 म्हणजे 896. आपला ‘क’ ज्या खोलीत राहतो, बरोबर त्याच खोलीत सात घरे पलीकडे त्यांचा ‘क’ राहतो.

एवढे कळल्यावर प्रोग्रॅम एका ओळीचा उरला. कन्नड अक्षराच्या क्रमांकातून 896 वजा करायचे. पायथन या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत तो लिहून मी काही गावांची नावे दिली आणि पहिले उत्तर अगदी बिनचूक आले: धारवाड. ज्या पाटीने आईला फसवले होते, तीच पाटी सर्वांत आधी लागली. गोकाकही बरोबर आले. मग मात्र ‘खानापुर’ आले, ‘निप्पाणि’ आले, ‘हुब्बळ्ळि’ आले, आणि आमच्या स्वतःच्या शहराचे नाव ‘बॆळगावि’ असे उमटले. मी लॅपटॉप आईपुढे ठेवला. तिने चष्मा लावला, पहिल्या अक्षरावर बोट ठेवले आणि विचारले, “बच्या डोक्यावर हे काय उलटं बसलंय?”

कन्नडमध्ये ‘ए’ आणि ‘ओ’ हे स्वर ऱ्हस्व आणि दीर्घ असे दोन्ही असतात. मराठीला तो भेद लिहायची गरज पडत नाही. पण दाक्षिणात्य शब्द नेमके लिहिता यावेत म्हणून देवनागरीच्या घरात ऱ्हस्व मात्रेसाठी एक खोली राखून ठेवलेली आहे. माझ्या प्रोग्रॅमने इमानदारीने त्या खोलीचे दार उघडले. अंत्य इकार मराठीत दीर्घ लिहायचा आणि कन्नडमध्ये तो अनेकदा ऱ्हस्वच राहतो, हा दुसरा घोटाळा. गणित चुकले नव्हते, आणि तरी आईला वाचता येत नव्हते. कारखान्यात अशा वेळी मी मायक्रोमीटर तपासतो. इथे तपासायला काही उरले नव्हते.

उलट्या दिशेचा प्रयोग पत्नीमुळे झाला. ती गोकाककडची, कन्नड माध्यमात शिकलेली. नव्या भाड्याच्या जागेतल्या पूजेचे निमंत्रण तिला माहेरच्या मंडळींना कन्नडमध्ये पाठवायचे होते, आणि मी मोठ्या उत्साहाने तो मजकूर 896 ची बेरीज करून तिच्यापुढे ठेवला. ‘डॉ.’मधल्या ‘ड’पुढे रिकामी चौकट आली, कारण आपल्या ‘ऑ’च्या मात्रेसमोर कन्नडच्या घरात खोलीच रिकामी आहे. वकील असलेल्या मामांच्या नावाआधीच्या ‘ॲड.’चे जे झाले ते आणखी विचित्र होते. ‘ॲ’ हे अक्षर मराठीत दोन प्रकारे टंकता येते, एकसंध किंवा ‘अ’वर चंद्र देऊन. दुसऱ्या प्रकारात चौकट येते. आणि पहिल्या प्रकारात कन्नडमधले उपध्मानीय नावाचे चिन्ह येते, जे संस्कृतात ‘प’ आणि ‘फ’ यांच्या आधीच्या विसर्गासाठी वापरत. डोळ्याला दोन्ही ‘ॲ’ एकच दिसतात, त्यामुळे काही वेळा चूक होते आणि काही वेळा वेगळीच चूक होते, असे मी तीन दिवस पाहत राहिलो. या छंदात जो मनस्ताप आहे तो असा आहे: चूक सापडत नाही याचा नव्हे, ती जागा बदलते याचा.

‘दुसऱ्या मजल्यावर’ या शब्दांपाशी पत्नी थांबली आणि हसू लागली. “अहो, हे अक्षर आता कोणी लिहीत नाही. आम्हाला शाळेत हळगन्नडच्या, म्हणजे जुन्या कन्नडच्या, कवितेत भेटलं होतं.” मराठीतल्या अर्ध्या ‘ऱ’ने कन्नडच्या घरातल्या एका वृद्ध, निवृत्त अक्षराला उठवून निमंत्रणात आणून बसवले होते. मला त्या अक्षराची दया आली, हे खरे. पत्नीने मात्र सगळे निमंत्रण पुसून दहा मिनिटांत हाताने लिहून काढले.

पुढचे दोन महिने मी अपवादांचे नियम लिहिण्यात घालवले आणि त्यानंतर एका रात्री ‘अक्षरमुख’ हे मोफत लिप्यंतर साधन समोर आले. मी केलेले जवळजवळ सगळे त्यात आधीच होते, शिवाय ज्या लिप्यांची नावेही मला माहीत नव्हती, त्या लिप्यांसह होते. त्या रात्री मी लॅपटॉप मिटला आणि आठवडाभर उघडला नाही. शेजारचा माग चालू होता, आणि नक्षी आधीच कोणी काढलेली असली तरी साडी विणावी लागतेच, असे स्वतःला समजावण्याचा मी प्रयत्न केला. पण ते समजावणे फारसे लागू पडले नाही. चिडचिड घरात निघाली, मुलावर निघाली, आणि एकदा कारखान्यात मापातल्या जॉबवर फुली मारली गेली तेव्हा मीच दचकलो.

पुन्हा बसलो ते पत्नीच्या एका वाक्यामुळे. तिने विचारले, “आईंना नेमक्या किती गाड्या लागतात?” मोजल्या तर सव्वीस गावे निघाली. सव्वीस नावांसाठी मला लिपीचे गणित नव्हे, एक तक्ता हवा होता: डावीकडे पाटीवर दिसते तसे कन्नड, उजवीकडे आमच्या तोंडी आहे तसे मराठी. ‘हुब्बळ्ळि’ नव्हे, हुबळी. ‘निप्पाणि’ नव्हे, निपाणी. आमच्या गावाच्या ओळीत तर अजून गंमत झाली. 1 नोव्हेंबर 2014 पासून शहराचे अधिकृत नाव बेळगावी आहे, आम्ही बोलताना बेळगाव म्हणतो, आणि जुन्या कागदांवर ‘गां’वर अनुस्वारही असतो. आईने त्यावर तोडगा काढला की ती ओळ काढूनच टाकावी, कारण परत येताना गाडी कुठे जाते ते तिला ठाऊक असते.

(झेरॉक्सच्या दुकानात एक कागद लॅमिनेट होऊन यंत्रातून बाहेर येतो.)

हा तक्ता मोबाईलवर दिसेल असे पान मी तयार केले होते. आईने ते पाहिले, अक्षर मोठे करून मागितले, आणि मग विचारले की हे कागदावर मिळेल का. आता तो कागद तिच्या पिशवीत बटव्याशेजारी असतो. स्टँडवर गाडी आली की ती कागद बाहेर काढत नाही, पिशवीचे तोंड थोडे उघडून आत पाहते, एकदा पाटीकडे पाहते आणि चढते. हे दृश्य मी लांबून टिपले आहे. जवळ गेलो असतो तर ती रागावली असती.

गेल्या रविवारी मावशीकडून परतल्यावर तिने कागद माझ्यापुढे ठेवला आणि सांगितले, “यात नंदगड राहिलंय. आणि कित्तूरची गाडी आता लागत नाही, ते काढ.” मी लॅपटॉप उघडला, एक ओळ वाढवली, एक पुसली आणि गिटमध्ये नोंद केली. झेरॉक्सवाला रविवारी बंद असतो, म्हणून नवा कागद सोमवारी संध्याकाळी, कारखान्यातून येता येता.