सुटे भाग
(कॅननच्या गोष्टीचं निवेदन)

[दृश्य: लाकडी टेबल. त्यावर पसरलेले बारीक स्क्रू, स्प्रिंग, पितळी कडी, कापडी पडदा.]

टेबलावर एक कॅमेरा उघडून ठेवलाय. जर्मनीचा लायका. शहर टोकियो, आणि काळ 1930 नंतरची पहिली दोन-तीन वर्षं. उघडणाऱ्याचं नाव गोरो योशिदा. शिक्षण अर्ध्यावर सुटलेलं, पण लहानपणापासून हाताला एकच छंद, कॅमेरा खोलायचा आणि परत जोडायचा. पुढे तोच पोटापाण्याचा धंदा झाला. सिनेमाचे कॅमेरे आणि प्रोजेक्टर ते दुरुस्त करायचे, आणि सुट्या भागांसाठी बोटीनं शांघायच्या खेपा घालायचे.

त्या वेळी जपानमध्ये लायकाची किंमत होती 420 येन. पदवी घेऊन बँकेत नव्यानं लागलेल्या तरुणाचा पगार महिन्याला 70 येन. म्हणजे सहा महिने उपाशी राहिलं तर एक कॅमेरा.

मग आत आहे तरी काय एवढं? योशिदांनी पुढे स्वतःच सांगितलंय, की आत हिरे वगैरे काही नव्हते. पितळ, ॲल्युमिनियम, लोखंड, रबर. एवढ्याशा स्वस्त मालाचे इतके पैसे घेतात, हे पाहून त्यांना राग आला.

मला हा राग फार मोलाचा वाटतो. तो अर्धाच खरा होता, तरीसुद्धा. धातू स्वस्त होता हे खरंच. पण तो धातू केसाच्या जाडीपेक्षाही कमी फरकानं एकमेकांत बसवायचा, आणि उजेड क्षणभर आत सोडणाऱ्या शटरचा पडदा दर वेळी सेकंदाच्या पाचशेव्या भागात नेमका सरकवायचा, त्याची किंमत टेबलावर मांडून दिसत नाही. ती किंमत योशिदांना आणि त्यांच्या सोबत्यांना पुढच्या दोन-तीन वर्षांत कळली.

नोव्हेंबर 1933. टोकियोतल्या रोपोंगी भागात, एका इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर, छोटीशी प्रयोगशाळा सुरू झाली. सोबत योशिदांचे मेहुणे साबुरो उचिदा, आणि उचिदांच्या हाताखाली काम केलेले ताकेओ माएदा. पैशाची मदत उचिदांच्या ओळखीच्या एका डॉक्टरांची. त्यांचं नाव लक्षात ठेवा, ताकेशी मिताराई.

[दृश्य: हजार हातांची देवता, भोवती ज्वाळा. पहिल्या बोधचिन्हाचं चित्र.]

योशिदांची क्वानन देवीवर भक्ती होती. आपल्या कॅमेऱ्याला त्यांनी तिचंच नाव दिलं. बोधचिन्हात हजार हातांची क्वानन, मागे ज्वाळांचं वलय. आणि भिंगाचं नाव? 'कश्यपा'. बुद्धांचे शिष्य महाकाश्यप, त्यांच्यावरून.

इथे आपण मराठी माणसांनी जरा थांबायला हवं, कारण ही क्वानन आपल्या ओळखीची आहे. अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यात, हातात कमळ घेऊन किंचित झुकलेला पद्मपाणी आपण पाहिलेला असतो, निदान शाळेच्या पुस्तकात तरी. तो बोधिसत्त्व अवलोकितेश्वर. बोरिवलीला उतरून कान्हेरीला गेलात, तर 41 क्रमांकाच्या लेण्यात त्याचीच अकरा मुखांची मूर्ती आहे. हाच अवलोकितेश्वर चीनमार्गे जपानला पोचला आणि तिथे क्वानन झाला. आज तिथे कान्नोन म्हणतात. आता या नावांचे अर्थ पाहा. चिनी-जपानी लिपीत हे नाव दोन अक्षरांचं आहे. पहिल्याचा अर्थ पाहणं, दुसऱ्याचा आवाज. जगाच्या हाका जो न्याहाळतो, तो. आणि आपल्याकडच्या नावात तर 'अवलोकन' सरळच बसलेलं आहे. कॅमेऱ्यासाठी याहून चपखल नाव मला तरी सुचत नाही.

जून 1934 मध्ये 'आसाही कॅमेरा' मासिकात क्वाननची जाहिरात झळकली. पाणबुडी, विमान आणि कॅमेरा, जपानच्या या तिन्ही गोष्टी जगात अव्वल, असा तिचा थाट. पण क्वानन नावाचा कॅमेरा दुकानात कधी आलाच नाही. त्याच वर्षी योशिदा प्रयोगशाळेतून बाहेर पडले. ज्यांच्या रागातून आणि भक्तीतून हे सगळं उभं राहिलं, ते पहिला कॅमेरा विकला जायच्या आधीच दूर झाले. या कथेतली ही जागा मला दर वेळी टोचते.

1935 मध्ये नावही बदललं. परदेशात विकायचं तर देवतेचं नाव तिकडच्या लोकांना परकं वाटणार. म्हणून क्वाननशी उच्चारानं जुळणारा शब्द निवडला, 'कॅनन'. इंग्रजीत त्याचा अर्थ धर्मग्रंथ, आणि प्रमाण मानावा असा नियमही.

[दृश्य: हांझा कॅनन. एक बोट समोरचं बटण दाबतं, वरचा व्ह्यूफाइंडर टपकन उभा राहतो.]

फेब्रुवारी 1936. हा पहिला विकाऊ कॅमेरा, हांझा कॅनन. किंमत 275 येन. 'हांझा' हा विक्री करणाऱ्या व्यापारी कंपनीचा छाप. आपल्या हंसाशी त्याचं नातं नाही.

जवळून बघा. व्ह्यूफाइंडर, म्हणजे डोळा लावून दृश्य पाहायची खिडकी, वर कायमचा बसवलेला नाही. बटण दाबलं की उसळी मारून उभा राहतो. जपानी लोक त्याला 'बिक्कुरी-बाको' म्हणायचे, झाकण उघडताच आतून बाहुलं उसळतं ते खेळणं. फोटो किती झाले ते मोजणारी चकती वर नाही, समोरच्या बाजूला आहे. ही हौस नव्हती. लायकाच्या पेटंटांतून वाट काढायची होती.

आता भिंगावरची अक्षरं वाचा. 'निक्कोर'. 50 मिलिमीटरचं हे भिंग निप्पोन कोगाकूचं. म्हणजे पुढे निकॉन म्हणून जगाला ठाऊक झालेली तीच कंपनी. अंतर मोजणारी यंत्रणा आणि भिंग बसवायचा माउंटही त्यांचाच. कॅननवाल्यांनी बनवली ती पेटी आणि शटर. आज कॅनन की निकॉन यावरून मित्रामित्रांत वाद रंगतात. पहिल्या कॅननचा डोळा निकॉनचा होता.

आता डॉक्टरांकडे वळू. मिताराई प्रसूतितज्ज्ञ होते. त्या काळात जपानमध्ये सर्वात जास्त माणसं क्षयानं दगावत होती. प्रत्येकाच्या छातीचा एक्स-रे पूर्ण आकाराच्या फिल्मवर काढणं परवडणारं नव्हतं. त्यावर उपाय असा, की चमकणाऱ्या पडद्यावर उमटलेली छातीची प्रतिमा कॅमेऱ्यानं छोट्या फिल्मवर टिपायची. 1940 मध्ये कॅमेरा बनवणाऱ्या या छोट्या कंपनीनं जपानमधला असा पहिला कॅमेरा तयार केला. डॉक्टर मालकमंडळींत नसते, तर तिकडे कुणाचं लक्ष गेलं असतं का, मला शंका आहे.

1942 मध्ये मिताराई कंपनीचे अध्यक्ष झाले. युद्ध संपलं, 1945 च्या ऑक्टोबरात त्यांनी उरलेल्या माणसांना घेऊन काम पुन्हा सुरू केलं. 1947 मध्ये कंपनीनंही कॅनन हेच नाव घेतलं. पुढे गणनयंत्रं आली, झेरॉक्सची यंत्रं आली. 1977 मध्ये प्रयोगशाळेत गरम सोल्डरिंग आयर्न चुकून शाईच्या सिरिंजच्या सुईला टेकलं आणि टोकातून शाईचा थेंब उडाला. त्या थेंबातून बबल जेट प्रिंटर जन्माला आला.

[दृश्य: ईओस 650. भिंग काढलेलं. माउंटच्या आत सोनेरी टिकल्या.]

1984 मध्ये डॉक्टर गेले. तीन वर्षांनी, मार्च 1987 मध्ये, कंपनीनं आपला जुना माउंट टाकून नवा आणला. भिंग आणि पेटी यांना जोडणारी एकही दांडी नाही, सगळा संवाद विजेच्या टिकल्यांतून. जुनी भिंगं नव्या पेटीवर बसेनात, त्यामुळे पुष्कळ छायाचित्रकार नाराज झाले. नाव ठेवलं 'ईओस'. हीसुद्धा देवता, ग्रीकांची पहाटेची. भाषाशास्त्र सांगतं, की ईओस आणि ऋग्वेदातली उषा एकाच मुळातून आलेल्या आहेत.

मे 2018. कॅनननं आपला शेवटचा फिल्म कॅमेरा, ईओस 1व्ही, विकणं बंद केलं. 1936 पासूनची रांग तिथे संपली. ज्यांच्याकडे तो होता त्यांना कंपनीनं कळवलं, दुरुस्ती ऑक्टोबर 2025 पर्यंत घेऊ. मात्र 2020 नंतर सुटे भाग संपले, तर नाही म्हणावं लागेल.

[दृश्य: पुन्हा तेच लाकडी टेबल. एक हात स्क्रू उचलतो.]