तिकीटबारी, चीन आणि नव-वसाहतवाद

अध्यक्षमहोदय, कार्यकारिणीचे सदस्य आणि मित्रहो,

हॉलिवूडचे चित्रपट चिनी समाजात सांस्कृतिक नव-वसाहतवाद, म्हणजे भूमी न जिंकता मनांवर आणि आवडीनिवडींवर मिळवलेला ताबा, रुजवत आहेत, असा आक्षेप तिथले काही अभ्यासक आणि कलावंत वर्षानुवर्षे घेत आले आहेत. मला तो निराधार वाटत नाही. परंतु वसाहत म्हटली की दार बाहेरून फोडले गेले असे आपण धरून चालतो, आणि चीनमध्ये ते आतूनच उघडले गेले. १९९०च्या दशकाच्या आरंभी तिथली चित्रपटगृहे ओस पडू लागली होती, तेव्हा आयातीची मक्तेदारी असलेल्या ‘चायना फिल्म’ या सरकारी कंपनीनेच उत्पन्नातील वाट्याच्या बोलीवर वर्षाला दहा परदेशी चित्रपट आणायचे ठरवले आणि नोव्हेंबर १९९४मध्ये हॉलिवूडचा ‘द फ्युजिटिव्ह’ झळकला. पुढे १९९८ साली ‘टायटॅनिक’ची शिफारस खुद्द राष्ट्राध्यक्ष जियांग झेमिन यांनी सहकाऱ्यांना केली. भांडवलशाहीच्या चित्रपटाला साम्यवादी पक्षाच्या सर्वोच्च नेत्याइतका मोठा जाहिरातदार क्वचितच लाभला असेल!

२००८मध्ये ‘कुंग फू पांडा’ आला, तेव्हा झाओ बांदी या कलावंताने बहिष्काराची हाक दिली. पांडा आमचा, कुंग फू आमचे आणि गल्ला मात्र अमेरिकेचा, हे त्या संतापाचे मूळ होते. त्याच वेळी, हा चित्रपट आपल्याला का काढता आला नाही, असेही अनेक चिनी लोक उघडपणे विचारू लागले, आणि माझ्या मते तो प्रश्न बहिष्कारापेक्षा अधिक बोचरा होता.

पुढे पारडे फिरले. अमेरिकेशी झालेल्या २०१२च्या करारानुसार अशा आयातीची मर्यादा वर्षाला ३४ चित्रपटांवर गेली आणि तिकीटविक्रीत परदेशी स्टुडिओंचा वाटा २५ टक्के ठरला. ही बाजारपेठ हातची जाऊ नये म्हणून अमेरिकेवरील परकी आक्रमणाची कथा सांगणाऱ्या ‘रेड डॉन’च्या निर्मात्यांनी चित्रीकरण संपल्यानंतर चिनी आक्रमकांना संगणकावर उत्तर कोरियाचे करून टाकले. ज्याला वसाहतवादी म्हणायचे, तोच इथे गिऱ्हाइकाची मर्जी सांभाळत होता.

तरीही प्रभाव संपला असे मी म्हणणार नाही. २०१७मध्ये सुमारे ५६० कोटी युआन कमावून ‘वुल्फ वॉरियर २’ या चिनी चित्रपटाने तिथले सर्व विक्रम मोडले, पण आफ्रिकेतील संकटात एकट्याने सर्वांना वाचवणारा त्याचा नायक पाहिला, तर साचा थेट हॉलिवूडचा दिसतो, फक्त छातीवरचा झेंडा बदललेला आहे, आणि त्यातील हाणामारीसाठी साहाय्यही हॉलिवूडच्याच तंत्रज्ञांचे घेतलेले आहे. त्याच वर्षी ‘दंगल’ने तिथे सुमारे १३० कोटी युआन मिळवले. मुलांकडून अपेक्षा ठेवणारा कठोर बाप चिनी प्रेक्षकाला परका वाटला नाही, आणि भारताने वसाहत थाटल्याची ओरडही झाली नाही. परदेशी असणे एवढाच दोष असता, तर ती व्हायला हवी होती.

एप्रिल २०२५मध्ये आयातशुल्काच्या वादात चीनने अमेरिकी चित्रपटांची संख्या घटवण्याचे जाहीर केले. संख्या आदेशाने घटवता येते. नायक कसा असावा, शेवट कसा व्हावा याविषयी तीस वर्षांत मुरलेली सवय मात्र आयातीच्या यादीत नसते, आणि नव-वसाहतवादाची चर्चा करायची तर ती तिथून सुरू करावी लागेल.