बांगड्याचा डोळा आणि शिंपल्याची खिडकी

(दृश्य: म्हापशाचा बाजार, सकाळची वेळ. पाटीत मांडलेल्या बांगड्यांजवळ कॅमेरा येतो.)

म्हापशाच्या बाजारात मासळीच्या पाट्या उतरल्या, की गिऱ्हाईक बाई खाली वाकते, एक बांगडा उचलते आणि सगळ्यांत आधी त्याच्या डोळ्याकडे पाहते. विकणारीलाही हे ठाऊक असते, म्हणून भाव सांगण्याआधी तीच म्हणते, ‘दोळे पळय गो बाये,’ म्हणजे डोळे बघ गं बाई. बांगड्याच्या अंगावरची चमक ती दाखवत बसत नाही, कारण मासळीवर अधूनमधून पाणी शिंपडले जाते आणि ओले झालेले कोणतेही अंग चमकते, हे दोघींनाही माहीत असते. डोळ्याचे तसे नसते. ताज्या बांगड्याचा डोळा बाहेर फुगलेला असतो, त्याच्यावरचा पडदा नितळ असतो आणि त्या पडद्याखालची बाहुली काळीभोर दिसते. मासा शिळा होऊ लागला, की हा पडदा दुधाळ होतो, डोळा खोल जातो आणि बाहुलीवर राखाडी झाक येते. कितीही पाणी मारले तरी तो पडदा पुन्हा नितळ होत नाही.

चकाकी, पारदर्शकता आणि अपारदर्शकता या तिन्हींचा निवाडा या एका नजरेत होतो, आणि तो इतक्या झटकन होतो की त्यात काही अवघड आहे असे कोणाला वाटतच नाही. प्रत्यक्षात आपल्या डोळ्यात उमटते ती फक्त कमीअधिक उजेडाची आणि रंगांची नक्षी. बांगड्याच्या डोळ्यावरील एकाच बिंदूकडून येणाऱ्या प्रकाशात ओल्या पृष्ठभागाने परतवलेला बाजाराचा उजेड असतो, आतल्या बाहुलीचा काळोख असतो आणि मधल्या पडद्याने विखुरलेला थोडा धूसर प्रकाशही असतो. आपल्याला मिळते ती केवळ या साऱ्यांची बेरीज, आणि त्या बेरजेतून मूळ आकडे वेगळे काढण्याचे काम मेंदू करतो. हे काम तो कशाच्या आधारे करतो, एवढाच प्रश्न आपण पुढील काही मिनिटे धरून ठेवणार आहोत.

(दृश्य: फोंडा तालुक्यातील एका जुन्या घराचे देवघर. चिंचेने घासून लखलखीत केलेली पितळी समई.)

चकाकी मोजण्याचे यंत्र असते. रंगाच्या आणि फरश्यांच्या कारखान्यांत नमुन्यावर २०, ६० किंवा ८५ अंशांच्या ठरावीक कोनातून प्रकाशझोत सोडतात आणि पलीकडे तेवढ्याच कोनात किती प्रकाश परतला ते मोजतात. समईपुढे उभे राहिलेला माणूस असे काहीही करत नाही. तो समईवरच्या उजेडाचे ठिकाण पाहतो. समईच्या फुगीर, गोल भागावर एक लहानसा तेजस्वी ठिपका दिसतो आणि अगदी जवळ गेल्यावर कळते, की हा ठिपका म्हणजे समोरच्या खिडकीचे वाकलेले, चिमुकले चित्र आहे आणि त्यात खिडकीचे गजसुद्धा मोजता येतात. त्याच खिडकीचे प्रतिबिंब समईच्या सरळ दांड्यावर मात्र उभ्या रेघेसारखे लांबते, कारण दांडा आडव्या दिशेने वळलेला आहे आणि उभ्या दिशेने सपाट आहे. म्हणजे वस्तूचा आकार जसा वळतो, तसे उजेडाने बसावे लागते. तो तसा बसला, तर आपल्याला पितळ चकचकीत दिसते. तोच ठिपका भलत्या जागी किंवा भलत्या दिशेला दिसला, तर चकाकी नाहीशी होते आणि त्या जागी पांढऱ्या रंगाचा डाग दिसू लागतो.

जेकब बेक आणि स्लाव्हा प्राझ्दनी या संशोधकांनी १९८१ मध्ये एका चमकदार फुलदाणीच्या चित्रातून हे उजेडाचे ठिपके काढून टाकले, तेव्हा पाहणाऱ्यांना तीच फुलदाणी निस्तेज वाटली. पुढे २००७ मध्ये इसामू मोतोयोशी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वेगळी बाजू मांडली. मेंदूला एवढा खटाटोप करावा लागत नसावा, चित्रात बहुतांश भाग गडद आणि थोडेच बिंदू अतितेजस्वी असले, तर एवढ्या आकडेवारीवरूनच तो वस्तूला चकचकीत ठरवत असावा, असे त्यांचे म्हणणे होते. त्यावर बार्टन अँडरसन आणि जुनो किम यांनी २००९ मध्ये हरकत घेतली, की तेच तेजस्वी बिंदू तेवढ्याच संख्येने पण आकाराशी न जुळणाऱ्या जागी ठेवले तर चकाकी दिसत नाही. माझा कौल या हरकतीच्या बाजूने आहे. समईसमोर पाच मिनिटे बसणाऱ्या कोणालाही तो पटेल, कारण डोके जरा डावीकडे नेले तरी उजेडाचा ठिपका पितळेवरून सरकतो आणि हळदीकुंकवाचा डाग मात्र जागचा हलत नाही. दोन डोळ्यांचाही यात वाटा आहे. फुगीर पृष्ठभागावरचे प्रतिबिंब दोन्ही डोळ्यांनी पाहिले असता पृष्ठभागाच्या किंचित मागे, धातूच्या आत असल्यासारखे भासते, आणि आपली दृष्टी या बारकाव्याचा उपयोग करते, हे अँड्र्यू ब्लेक आणि हाइनरिख ब्युल्थोफ यांनी १९९० मध्ये दाखवून दिले.

घरातील लाल जमिनीकडेही इथेच पाहून घेऊ. पायापाशी ती मंद दिसते आणि दूरच्या दरवाजाकडे मात्र तिच्यात उंबरठ्याचा उजेड आरशासारखा उतरतो. जमीन दोन्हीकडे एकच असते, फक्त नजरेचा कोन बदललेला असतो. उदाहरणार्थ, पाण्याच्या पृष्ठभागावर सरळ वरून पडणारा प्रकाश केवळ २ टक्के परततो, पण तोच प्रकाश पृष्ठभागापासून १० अंश वर इतका तिरपा आला, तर एक तृतीयांशाहून थोडा जास्त परततो. कोनाप्रमाणे होणारा हा फरक मेंदू गृहीत धरतो, म्हणून अर्धी जमीन घासली आणि अर्धी राहिली असे आपल्याला वाटत नाही.

(दृश्य: जून महिना. जांभ्या चिऱ्यांच्या कुंपणावर पावसाची पहिली सर.)

पावसाळ्यात सगळा गोवा दोन गोष्टींनी बदलतो, तो गडद होतो आणि चकचकीत होतो. जांभ्या चिऱ्याच्या छिद्रांत हवा असते तोवर आत शिरलेला प्रकाश कणाकणांवर आपटून लवकर बाहेर येतो. छिद्रांत पाणी भरले, की कण आणि त्याच्या भोवतीचे माध्यम यांच्या प्रकाश वळवण्याच्या क्षमतेतील फरक कमी होतो, प्रकाश अधिक खोल जातो आणि वाटेत शोषला जातो. म्हणून तांबूस चिरा काळपट, गहिरा लाल दिसतो आणि वर पाण्याचा सपाट थर आल्यामुळे तो चमकूही लागतो. मासाताका सावायामा यांच्या गटाने २०१७ मध्ये कोरड्या वस्तूंच्या छायाचित्रांत रंग गहिरे केले आणि चकाकी वाढवली, तेव्हा पाहणाऱ्यांना त्या वस्तू ओल्या वाटल्या. बाजारातील बाई पाणी शिंपडलेल्या पाटीवर विश्वास का ठेवत नाही, ते यातून कळते. पाण्याची चकाकी पाण्याची असते, बांगड्याची नसते.

(दृश्य: लाल-पांढऱ्या चौकड्यांची कुणबी साडी टेबलावर पसरलेली आहे. तिच्यावर एक झिरझिरीत ओढणी ठेवली जाते.)

पारदर्शकतेची खूण वेगळी आहे. साडीच्या चौकडीची रेघ ओढणीच्या कडेखालून न तुटता पलीकडे जाते आणि तिथे दोन रेघांची फुली होते. फुलीच्या चारही कोपऱ्यांतील उजेडाचे प्रमाण ठरावीक क्रमात असेल, तरच आपल्याला वर एक थर आणि खाली दुसरा थर दिसतो. या प्रमाणांचे नियम इटलीतील मानसशास्त्रज्ञ फाबियो मेतेल्ली यांनी १९७० च्या दशकात मांडले. मात्र ते पातळ थरांपुरतेच चालतात. त्याच साडीपुढे काजू फेणीची भरलेली बाटली ठेवली, तर चौकड्या फुगतात, मुरडतात आणि कडेशी दाटीवाटी करतात. इथे फुल्या जुळत नाहीत, तरीही बाटलीतील द्रव नितळ आहे याबद्दल आपल्याला शंका येत नाही, कारण मागच्या नक्षीची मुरडच जाड, पारदर्शक पदार्थाची साक्ष देते.

अपारदर्शक होणे म्हणजे दर वेळी काही मिसळले जाणे नव्हे. आगरवाड्याच्या मिठागरातील मिठाचा एक खडा उन्हात धरला तर तो काचेसारखा असतो आणि त्याच खड्यांची रास पांढरीशुभ्र दिसते, कारण प्रत्येक खड्याच्या पृष्ठभागावर प्रकाश पुन्हा पुन्हा वळतो आणि परततो. चमचाभर मीठ खोबरेल तेलात टाकून पाहावे, त्याचा पांढरेपणा बराच उतरतो. कच्ची सुंगटे, म्हणजे कोळंबी, अर्धपारदर्शक असतात आणि कढईत जाताच पांढरी होतात. प्रथिने गोठून त्यांचे प्रकाश विखुरणारे पुंजके बनतात, एवढेच तिथे घडते.

(दृश्य: जुन्या घराची शिंपल्यांची खिडकी, आतून.)

या विषयासाठी गोव्याबाहेर कुठे जावे असे मला वाटत नाही, ते या खिडकीमुळे. काच सर्रास मिळू लागण्यापूर्वी इथल्या घरांत लाकडी पट्ट्यांच्या चौकटीत शिंपल्यांचे चौकोनी तुकडे बसवीत. झुवारी नदीच्या मुखाशी चिखलीच्या उपसागरात हा चपटा शिंपला आजही सापडतो आणि कायद्याने त्याला संरक्षण आहे. त्याच्या कवचात सुमारे ९९ टक्के कॅल्साइट, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेटचे स्फटिक, असते आणि दृश्य प्रकाशापैकी सुमारे ८० टक्के त्यातून आरपार जातो, असे लिंग ली आणि क्रिस्टीन ऑर्टिझ यांनी २०१४ मध्ये नोंदवले. खिडकीशेजारच्या भिंतीवरचा चुनाही इथे पूर्वी शिंपले भाजूनच करीत, आणि भिंतीवर लावल्यावर हवेतील कार्बन डायऑक्साइड घेऊन त्याचे पुन्हा कॅल्शियम कार्बोनेट होते. म्हणजे उजेड आत घेणारी खिडकी आणि उजेड अडवणारी भिंत ही दोन्ही एकाच द्रव्याची आहेत. भिंतीत ते बारीक, विस्कळीत कणांचे आहे आणि त्यात हवा आहे. शिंपल्यात त्याच द्रव्याचे पातळ थर एकमेकांवर घट्ट बसले आहेत.

आता खिडकीच्या बाहेरून एक हात शिंपल्यावर टेकवला जातो. आतून त्याची पाचही बोटे, बोटांमधल्या फटी, अंगठीचा जाडपणासुद्धा कळतो. हात चार अंगुळे मागे घेतला, की बोटे एकमेकांत मिसळतात, आणि वीतभर मागे गेला की फक्त एक सावळी झाक उरते. शिंपला प्रत्येक बिंदूचा प्रकाश जरासा पसरवतो आणि वस्तू जितकी दूर, तितका तो पसारा मोठा होतो. त्यामुळे दुपारी या खोलीत ऊन येते, पण उन्हाची तिरीप येत नाही, आणि रस्त्यावरच्या माणसाला घरातले काही दिसत नाही.

(दृश्य: तेच घर, तिन्हीसांज. कॅमेरा आता अंगणात आहे.)

देवघरात समई लागली आहे आणि खिडकी आतून उजळली आहे. तिच्यावर एक मोठी, कडा नसलेली सावली सरकते. घरातील बाई खिडकी बंद करायला जसजशी जवळ येते, तसतशी ती सावली लहान होते, तिला आधी खांदा फुटतो, मग कोपर, आणि शेवटी शिंपल्यावर टेकलेल्या तळव्याची पाच बोटे अंगणातून स्पष्ट मोजता येतात.