दोन टक्क्यांच्या आधी

(दृश्य : उद्यमबाग, बेळगाव. सकाळची पाळी. शेडमधल्या अंधारात भट्टीचे झाकण बाजूला सरते.)

डोळ्यांना न सोसणारा हा उजेड भंगाराचा आहे. जुन्या पंपांची आवरणे, मोडीत निघालेले गियर, लेथवरचा कीस आणि थोडे कच्चे लोखंड एकत्र वितळून सुमारे १४०० अंश सेल्सिअसला पोहोचले, की ते असे पाण्यासारखे हलू लागते. ओतकामातले कसब मात्र समोर जमिनीवर मांडलेल्या पेट्यांपाशी पाहावे लागते. वाळूत बेंटोनाइट माती, कोळशाची पूड आणि पाणी मिसळून झाले, की हे मोल्डर, म्हणजे साचे घडवणारे कारागीर, एक मूठ उचलतात, घट्ट दाबतात आणि बोटे उघडतात. वाळूवर बोटांचे ठसे उमटले आणि गोळा मधोमध स्वच्छ तुटला, तर वाळू साच्याला योग्य. भुगा झाला तर पाणी कमी पडले, तळव्याला चिकटली तर जास्त झाले. मोठ्या कारखान्यांत यासाठी उपकरणे असतात; इथे अजून मुठीवर भरवसा आहे.

मग पॅटर्नभोवती, म्हणजे हव्या त्या भागाच्या नमुन्याभोवती, वाळू ठासली जाते, वायूला वाट मिळावी म्हणून सळईने बारीक छिद्रे पाडली जातात, पॅटर्न अलगद उचलून, भाग जिथे पोकळ हवा तिथे कोअर, म्हणजे वाळूचा गाभा, बसतो आणि वरची पेटी खालच्या पेटीवर येते. लोखंड ओतले, की त्या छिद्रांतून निळ्या ज्वाळा निघतात. आमच्या कॅमेऱ्याने सर्वाधिक वेळ या ज्वाळांपाशी घालवला, हे कबूल केले पाहिजे. थंड झालेले हे ओतीव भाग पंपांत, वाहनांत आणि हायड्रॉलिक यंत्रांत जातात, आणि ते ज्यांच्या हाताखालून जातात त्या गिऱ्हाइकांना बेळगाव नकाशावर कुठे आहे हे ठाऊक असण्याची गरज पडत नाही.

अशा एखाद्या कारखान्याने कर भरला, ठरलेले वेतन दिले, परवाने वेळेवर घेतले आणि उरलेला नफा मालकाने घरी नेला, तर त्याच्याकडून समाजाला आणखी काही येणे उरते का? आम्ही हा प्रश्न घेऊन या सीमाभागात फिरलो.

(दृश्य : जुने छायाचित्र, लोखंडी नांगर. त्यानंतर किर्लोस्करवाडीचे स्थानक.)

लक्ष्मणराव किर्लोस्करांचा जन्म १८६९ सालचा, याच जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचा. बेळगावात १८८८ साली सुरू झालेल्या सायकलच्या दुकानापासून त्यांच्या उद्योगाची गणना होते. पुढे मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमधली शिक्षकाची नोकरी सोडून ते इथेच स्थिरावले आणि कडबा कापण्याची यंत्रे व लोखंडी नांगर तयार करू लागले. लोखंडाने जमीन नासते, अशी तेव्हा शेतकऱ्यांची समजूत होती, त्यामुळे पहिले नांगर विकले जायला दोन वर्षे लागली. नांगराला गिऱ्हाईक मिळू लागले, तोवर नगरपालिकेला वसाहत वाढवण्यासाठी कारखान्याची जागा हवी झाली, आणि शहराने आपल्या या कारखानदाराला जवळजवळ बाहेरची वाट दाखवली. बेळगावच्या माणसाला ही गोष्ट सांगताना आजही थोडे ओशाळायला होते.

औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी मदतीला आले. कुंडल रोड स्थानकाजवळचे निवडुंगाने भरलेले माळरान त्यांनी दिले, भांडवलालाही हातभार लावला, आणि १९१० साली तिथे किर्लोस्करवाडी उभी राहू लागली. त्या वसाहतीत कामगारांसाठी घरे होती, शाळा होती, अस्पृश्यता पाळायची नाही असा दंडक होता, आणि शिक्षा भोगून आलेल्या माणसांना तिथे रखवालदारीचे काम दिले गेले. नफ्याचे किती टक्के यावर घालावेत हे सांगणारा कायदा यायला तेव्हा शंभर वर्षे अवकाश होता. यात व्यवहार नव्हता, असे म्हणणे भाबडेपणाचे ठरेल, कारण उजाड माळावर कारागीर टिकवायचा तर त्याला घर द्यावेच लागते, आणि ज्याला दुसरीकडे कुणी उभे करत नाही तो रखवालदार इमान राखतो, हेही लक्ष्मणरावांना कळत असणार. तरीही या हकिगतीतली एक बाब सहसा घाईने सांगितली जाते, म्हणून ती इथे थांबून सांगतो. किर्लोस्करवाडीचा पहिला नांगर ओतला जाण्याआधी एका संस्थानाने जमीन दिली होती आणि रेल्वेचा रूळ आधीच शेजारून गेलेला होता. कंपनीने समाजाला काय दिले याचे फलक लागतात. समाजाने तिला आधी काय दिले त्याचा फलक आम्हाला सबंध प्रवासात कुठे दिसला नाही.

(दृश्य : गावातल्या शाळेची पाण्याची टाकी. नव्या रंगावर कंपनीचे नाव.)

या विषयातला सर्वांत स्पष्ट विरोधी आवाज अर्थतज्ज्ञ मिल्टन फ्रीडमन यांचा. १३ सप्टेंबर १९७० रोजी न्यूयॉर्क टाइम्सच्या पुरवणीत त्यांनी लिहिले, की नफा वाढवणे हीच व्यवसायाची सामाजिक जबाबदारी होय. त्यांचा युक्तिवाद झटकून टाकण्यासारखा नाही. व्यवस्थापक जेव्हा कंपनीच्या पैशातून समाजकार्य करतो, तेव्हा तो भागधारकांचा, गिऱ्हाइकांचा किंवा कामगारांचा पैसा खर्चत असतो. म्हणजे तो कर बसवतो आणि त्या कराचा विनियोगही ठरवतो, आणि हे काम त्याला कुणी मतदान करून दिलेले नसते. ही टाकी कोणत्या शाळेला द्यायची आणि कोणत्या शाळेला नाही, हे ठरवताना गावसभा झाली नव्हती, एवढे तरी मान्य करावे लागेल. मात्र त्याच लेखात फ्रीडमन यांनी नफ्याला दोन कुंपणे घातली होती : एक कायद्याचे आणि दुसरे समाजाच्या नैतिक रीतीचे, शिवाय फसवणूक आणि लबाडी त्यांना मान्य नव्हती. त्यांचे नाव घेणारे बहुतेक जण दुसऱ्या कुंपणापाशी आवाज खाली आणतात.

भारताने २०१३ च्या कंपनी कायद्यात कलम १३५ घातले आणि ते १ एप्रिल २०१४ पासून लागू झाले. ज्या कंपनीचे निव्वळ मूल्य ५०० कोटी, उलाढाल १००० कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटी रुपये वा त्याहून अधिक असेल, तिने मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या किमान दोन टक्के रक्कम सामाजिक कामांवर खर्च करायची आणि त्यात आपल्या आसपासच्या भागाला प्राधान्य द्यायचे. म्हणजे टाकी ही आता कृपा राहिलेली नाही, ती कायद्याची पूर्तता आहे, जरी फलकावर अजून कृपेचीच भाषा असते. त्याच कायद्याच्या कलम १६६ ने संचालकांच्या कर्तव्यात भागधारकांच्या बरोबरीने कर्मचारी, समाज आणि पर्यावरण यांचीही नावे घातली आहेत, आणि हे कलम फलकावर कधी येत नाही.

दोन टक्क्यांच्या नियमांत एक बारीक अट आहे, ती आम्हाला फार बोलकी वाटली. कंपनीच्या नेहमीच्या व्यवसायाचा भाग असलेले काम आणि फक्त स्वतःच्या कर्मचाऱ्यांना लाभ देणारे काम या हिशेबात धरले जात नाही. कायद्याच्या दृष्टीने ते बरोबरच आहे, नाहीतर पगारवाढीलाही समाजसेवा म्हटले गेले असते. पण त्याचा परिणाम असा, की ज्या मालकाने धूळ ओढणारा पंखा वेळेवर बसवला, त्याचे नाव कुठे झळकत नाही आणि ज्याने नफ्याचा हिशेब झाल्यावर टाकी रंगवली, त्याचे झळकते. देणे जन्माला येते ते नफा मोजण्याच्या आधी, मोल्डरच्या श्वासात, वजनकाट्यावर आणि गावच्या रस्त्यावर. दोन टक्के त्यानंतर मोजले जातात.

(दृश्य : टिळकवाडी, काँग्रेस विहीर.)

डिसेंबर १९२४ मध्ये काँग्रेसचे अधिवेशन इथे भरले आणि गांधीजी आयुष्यात एकदाच, याच अधिवेशनात, अध्यक्ष झाले. पाण्यासाठी खोदलेली ही विहीर अजून आहे. धनिकाने स्वतःला संपत्तीचा विश्वस्त मानावे, असे गांधीजी सांगत. विश्वस्त या शब्दात एक गोष्ट गृहीत असते, ती म्हणजे त्याच्याकडे हिशेब मागता येतो.

(दृश्य : फाउंड्रीच्या मागच्या बाजूला काळ्या वाळूचा ढीग. तोंडाला रुमाल बांधलेला कामगार ग्राइंडर चालवतो आहे.)

वाळू पुन्हा पुन्हा वापरून निकामी झाली, की ती बाहेर टाकली जाते, आणि तिच्यातल्या सिलिकाच्या बारीक धुळीने वर्षानुवर्षे काम केलेल्या माणसाला सिलिकोसिस हा फुफ्फुसांचा आजार होऊ शकतो, ज्याची नोंद देणे कायद्याने सक्तीचे आहे. उद्यमबागेतल्या छोट्या शेडपैकी बहुतेकांना पाच कोटींच्या नफ्याची अट लागत नाही, तेव्हा दोन टक्क्यांचा प्रश्नही तिथे उद्भवत नाही.

(दृश्य : रात्र. चिकोडीकडचा साखर कारखाना. उसाच्या ट्रॉल्यांची रांग. चिमणीवर वाफ.)

गळीत हंगामात हा रस्ता झोपत नाही. दूधगंगा, वेदगंगा, हिरण्यकेशी आणि कृष्णेच्या काठचा ऊस बैलगाड्यांतून आणि ट्रॅक्टरमागच्या दोन-दोन ट्रॉल्यांतून इथे येतो, काट्यावर चढतो, वजन होऊन गव्हाणीत पडतो. तिथून कटरच्या सुऱ्यांखाली त्याचे तुकडे होतात, गिरण्यांच्या रोलरमधून रस निघतो आणि उरलेले चिपाड बॉयलरकडे जाते, जिथे त्याच्यावर वाफ आणि वीज तयार होते. रसात चुना घालून तो गाळतात, आटवतात, दाणा धरतात. या सगळ्यात फुकट जाणारे फार थोडे आहे : मळीपासून इथेनॉल, गाळापासून खत. कारखानदारीचे एवढे काटकसरी रूप दुसरीकडे क्वचित पाहायला मिळेल. या पट्ट्यातले अनेक कारखाने सहकारी आहेत, म्हणून त्यांना कलम १३५ लागत नाही, आणि कागदोपत्री उसाचा मालक हाच कारखान्याचाही मालक असतो. खासगी कारखाना आणि सहकारी कारखाना यांच्या रांगेत मात्र ट्रॅक्टरवाल्याला सारखेच जागावे लागते.

उसाच्या रकमेबाबत १९६६ चा ऊस नियंत्रण आदेश नेमका आहे. ऊस पोहोचल्यापासून १४ दिवसांत पैसे द्यायचे, उशीर झाला तर वर्षाला १५ टक्के दराने व्याज द्यायचे. २०२५-२६ च्या हंगामासाठी १०.२५ टक्के उताऱ्याला, म्हणजे उसातून निघणाऱ्या साखरेच्या प्रमाणाला, क्विंटलमागे ३५५ रुपये असा रास्त व किफायतशीर दर केंद्राने ठरवला होता, आणि इथल्या पद्धतीप्रमाणे तोडणी-वाहतूक त्यातून वजा होते. नियम असे लिहिलेले असताना दर हंगामात थकलेल्या बिलांसाठी लोक रस्त्यावर येतात. यापलीकडे आमच्याजवळ चित्रण नाही.

(दृश्य : ट्रॅक्टरच्या बॉनेटवर दोन कागद. मोबाइलच्या उजेडात एक हात.)

या शेतकऱ्याने ट्रॉल्या कारखान्यात आणण्याआधी वाटेवरच्या खासगी काट्यावर भरून वजन करून घेतल्या होत्या. त्याला त्याचे जादा पैसे पडले. कारखान्यातून बाहेर पडल्यावर तो कारखान्याची पावती आणि बाहेरची पावती शेजारी ठेवून बॉनेटवर वाचतो आहे. पावत्या कन्नडमध्ये आहेत, आकडे त्याला पाठ आहेत. भरलेले वजन दोन्हीकडे जुळले. वर्षानुवर्षांच्या सवयीने त्याने पुन्हा एकदा बोट फिरवून पाहिले, मग दोन्ही कागद एकात एक घडी घालून खिशात ठेवले आणि गाडी सुरू करण्याआधी बोटांवर दिवस मोजले. आज बुधवार, चौदावा दिवसही बुधवारीच पडतो.