‘काहीच फरक नाही’ म्हणजे काय?

फलकावर विषय लिहिलेला आहे, चुंबकीय उत्तेजन आणि स्मृतिभ्रंश. तिकडे येतोच. त्याआधी एक गोष्ट सांगतो, कारण ती माझ्या मनातून जात नाही.

एक गृहस्थ आईला घेऊन आले. सहा महिने टीएमएस, म्हणजे डोक्याबाहेरून मेंदूला दिलेलं चुंबकीय उत्तेजन, चालू होतं. म्हणाले, “डॉक्टर, काडीचा फरक नाही. बंद करू या.” मी विचारलं, “केस स्वतः विंचरतात?” हो. “बटणं लावतात?” हो. “सहा महिन्यांपूर्वी?” तेव्हाही लावायच्या. “मग तेच म्हणतोय ना मी, फरक नाही!”

अहो, स्मृतिभ्रंश हा आजार उताराचा आहे. उतारावर गाडी जागच्या जागी उभी दिसली, तर कुणीतरी ब्रेक धरला असण्याची शक्यता असते. शक्यताच म्हणतो हं. त्या बाई उपचारामुळे टिकल्या की त्यांचा उतारच मंद होता, हे एकट्या त्यांच्याकडे बघून मलाही सांगता येत नाही. ते कसं कळतं, हेच मला आज सांगायचं आहे.

पण आधी पट्ट्यांचं बोलतो, नाहीतर शेवटी कुणीतरी विचारतंच. चुंबकाचे पट्टे, उशा, कडी यांचा याच्याशी काडीचा संबंध नाही. स्थिर चुंबक मेंदूत वीज निर्माण करत नाही. बदलतं चुंबकीय क्षेत्र करतं. फॅरेडेचा नियम, १८३१. सिल्व्हेनस थॉम्प्सन या भौतिकशास्त्रज्ञाने १९१० मध्ये मोठं वेटोळं केलं, त्यात प्रत्यावर्ती प्रवाह सोडला आणि आत डोकं घातलं. स्वतःचं, विद्यार्थ्याचं नाही! त्याला लुकलुकणारा उजेड दिसला. तो बहुधा डोळ्यातल्या पडद्याचा खेळ होता, मेंदूचा नव्हे. मेंदूपर्यंत नीट पोचायला १९८५ उजाडलं. शेफील्डमध्ये अँथनी बार्कर आणि सहकाऱ्यांनी डोक्यावर कॉइल, म्हणजे तारेचं वेटोळं, धरली आणि हाताचे स्नायू हलले. आजही मात्रा ठरवताना आम्ही तेच करतो, अंगठा कधी उडतो ते बघतो. मी स्वतः त्या खुर्चीत बसलो आहे. आपण हुकूम दिलेला नसताना आपलाच अंगठा उडतो, तेव्हा छातीत धस्स होतं.

चिठ्ठी आली, पाच मिनिटं. बरं, भरभर सांगतो.

आठवणींचं केंद्र, हिप्पोकॅम्पस, खोल आहे. नेहमीची कॉइल दोन-तीन सेंटिमीटरच पोचते. म्हणून त्याच्याशी जोडलेला, पृष्ठभागाजवळचा भाग निवडतात. रोममधल्या सांता लुचिया संस्थेत जाकोमो कोख आणि सहकाऱ्यांनी प्रिक्युनियस निवडला, डोक्याच्या मागच्या बाजूला, मध्यरेषेलगतचा. अल्झायमर, म्हणजे स्मृतिभ्रंशाचा सर्वांत जास्त आढळणारा प्रकार, तिथे लवकर शिरतो. त्यांचा अभ्यास २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. सौम्य ते मध्यम आजाराचे ५० रुग्ण, २४ आठवडे. पहिले दोन आठवडे आठवड्यातून पाच दिवस, पुढचे बावीस आठवडे एकेकदा. निम्म्यांना खरं उत्तेजन, निम्म्यांना लुटुपुटूचं. तीच खुर्ची, तशीच टकटक, पण मेंदूला उत्तेजन नाही. कुणाला काय मिळतंय हे रुग्णाला ठाऊक नव्हतं.

लुटुपुटूचा गट घसरला. खरा गट जवळपास होता तिथेच राहिला, रोजच्या कामांतही. लुटुपुटूचा गट शेजारी नसता, तर खऱ्या गटाबद्दल घरोघरी हेच म्हटलं गेलं असतं, काडीचा फरक नाही.

आता माझी तक्रार. ‘गेलेली स्मृती परत आणतो’ असं सांगून उपचार विकू नका. पन्नास माणसांवरून तेवढं म्हणता येत नाही, आणि त्या अभ्यासाचं म्हणणंही तसं नव्हतं. टिकवणं जमतं का, किती दिवस, कुणात, यासाठी मोठे अभ्यास हवेत. तोवर घरच्यांनी एक वही ठेवावी. विंचरणं, बटणं, पैसे मोजणं, घरातल्या घरात वाट चुकणं. तारीख घालून लिहा, सहा महिन्यांनी स्मरणावर विसंबू नका.

आणि हे राहूनच जात होतं. पेसमेकर, कानातलं कॉक्लिअर इम्प्लांट, डोक्यात धातूची क्लिप किंवा पूर्वी कधी फिट आलेली असेल, तर खुर्चीत बसण्याआधी सांगा. फिट क्वचितच येते, पण येऊ शकते. प्रश्न बाहेर घेतो, दिवे घालवायच्या आधी.