काकांना काय हवंय?

(दृश्य: सुरसागर, पहाट. मग दांडिया बाजारातला जुना वाडा.)

वडोदऱ्यातलं हे एक मराठी घर. काकू काकांना कुशीवर वळवतायत. दोन तासांनी दुसऱ्या कुशीवर. रात्रीसुद्धा, गजर लावून. अंथरुणाला खिळलेल्या माणसाच्या पाठीला जखम होऊ नये म्हणून. काकूंची स्वतःची पाठ कशी आहे, हे मात्र आजवर कुणी विचारलेलं नाही.

चौदा महिन्यांपूर्वी काकांच्या हातून चहाचा कप निसटला. उजवी बाजू लुळी पडली, वाचा गेली. गॅस झाला असेल, जरा पडू द्या, असं घरातलं कुणीतरी म्हणालं. तो पक्षाघात होता. मेंदूतली गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. ती वेळ टळली. काकू अजूनही ते तास मोजत बसतात. हाही एक आजारच आहे, आणि तो कुठल्याच फाइलमध्ये लिहिलेला नाही.

पॅलिएटिव्ह केअर म्हटलं की लोकांच्या पोटात गोळा येतो. म्हणजे आता डॉक्टरांनी हात टेकले का? नाही. फिजिओथेरपी चालू, औषधं चालू, आणि त्यांच्या जोडीनं त्रास कमी करणारी ही सेवा. लुळ्या बाजूचा खांदा ठणकतो. घास श्वासनलिकेत जाऊन न्यूमोनिया होतो. काहीही न घडता रडू फुटतं आणि थांबत नाही. हे रडणं मेंदूच्या इजेमुळे असतं, त्यावर औषध आहे. काकू मात्र कित्येक महिने समजत होत्या, आपलंच काहीतरी चुकतंय.

(दृश्य: देवघर, संध्याकाळ.)

काकांनी उमेदीची सारी वर्षं दुकानात घालवली, गिऱ्हाइकांशी गुजरातीत बोलून. आता सांभाळायला येणारा भाई गुजरातीत विचारतो, तेव्हा काका भिंतीकडे बघतात. सगळे धरून चालले, यांना काही कळत नाही. पण दोन भाषा बोलणाऱ्याच्या दोन्ही भाषा सारख्याच जातात असं नाही. आणि जन्मभर पाठ असलेलं पुष्कळदा शाबूत राहतं. आरती सुरू झाली की काकांच्या तोंडून अख्खी ओळ निघते.

घरी येणाऱ्या नर्सताईंनी हे हेरलं. त्या मराठीत विचारू लागल्या. एका वेळी एकच प्रश्न, आणि मग थांबायचं. हो असेल तर डावा अंगठा वर.

काका, खांदा दुखतो? अंगठा वर.
नाकातली नळी नकोशी होते? अंगठा वर.
तोंडानं खायचंय? अंगठा बराच वेळ वर.

चौदा महिन्यांत हे त्यांना पहिल्यांदाच विचारलं गेलं. घास श्वासनलिकेत जाण्याचा धोका डॉक्टरांनी तपासला, घरच्यांना नीट समजावला. नळी राहिली. पण रोज दुपारी काकांना ताठ बसवून, हनुवटी खाली घेऊन, घट्ट श्रीखंडाचे दोन-तीन छोटे चमचे भरवतात.

कॅन्सरमध्ये पुष्कळदा बोलायला वेळ मिळतो. पक्षाघात आधी बोलणंच हिरावून घेतो. मग व्हेंटिलेटर लावायचा का, नळी किती दिवस, हे सगळं मुलांना अंदाजानं ठरवावं लागतं, आणि त्यावरून सख्खी भावंडं एकमेकांशी बोलेनाशी होतात. आपल्याला कुठले उपचार नकोत, हे शुद्धीत असतानाच लिहून ठेवायचं, ते वैद्यकीय इच्छापत्र. त्याला सर्वोच्च न्यायालयानं 2018 साली मान्यता दिली. 2023 मध्ये प्रक्रियाही सोपी केली: दोन साक्षीदार, आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्यापुढे सही.

(दृश्य: ओटा. दुपार.)

आज शेजारच्या वहिनी दोन तास काकांपाशी बसल्यात. काकू झोपायला जातात, आणि दारातून परत वळून मुलीला सांगतात, "तो कागद घेऊन ये गं. माझं मी सांगते, तू लिही."