परतीच्या फेरीचं इंजिन

मंडळी, हवेच्या रबरी होडीसाठी आऊटबोर्ड, म्हणजे होडीच्या मागे बाहेरून लावायचं इंजिन, घ्यायला माणूस निघतो तेव्हा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "किती एचपीचं घेऊ?" डायव्हिंगच्या होडीसाठी हा प्रश्न शेवटी यायला हवा. आधी हे बघा, की दुपारी एक वाजता, ओली माणसं आणि सिलिंडर भरून ही होडी परत कशी येणार आहे.

मालवणचंच घ्या. सकाळी मतलई वारा जमिनीकडून वाहतो, पाणी सपाट असतं आणि कुठलंही इंजिन पुरेसं वाटतं. दुपारी खारे वारे सुरू होतात, बहुतेक वायव्येकडून. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या मागच्या बाजूला डाइव्ह करून जेट्टीकडे वळलात की लाट पाठीमागून येते. खोल पाण्यात लाटेचा वेग काढणं सोपं आहे: दोन लाटांमध्ये जितके सेकंद जातात त्यांना ३ ने गुणा, उत्तर नॉटमध्ये, म्हणजे ताशी सागरी मैलांत, मिळतं. ३ सेकंदांनी येणारी वाऱ्याची लाट साधारण ९ नॉटने धावते. सव्वाचार मीटरची होडी नुसती पाणी कापत चालली, तर साडेचार-पाच नॉटच्या पुढे जात नाही. म्हणजे प्रत्येक लाट तिला मागून गाठणार, आणि मागची फळी, जिच्यावर इंजिन बसतं ती, वजनाने खाली दबलेली असेल तर फळीवरून आत येणार. होडी पाण्यावर चढली, म्हणजे प्लेनिंगला आली, की लाटेच्या पुढे राहता येतं. किल्ला जेट्टीच्या अगदी जवळ आहे, तिथे वेळ वाचवण्यासाठी वेग लागत नाही. तो लागतो लाटेच्या पुढे राहण्यासाठी.

आता वजन मांडू. हे अंदाजाने करू नका, कागदावर लिहा. ११ लिटरचं ॲल्युमिनियमचं सिलिंडर भरलेलं साधारण १७ किलो. बीसीडी (हवा भरून तरंगणं सांभाळणारं जॅकेट) आणि रेग्युलेटर (सिलिंडरमधून श्वास घ्यायचं साधन) ६, शिशाची वजनं ६, सूट-फिन्स ४. म्हणजे ८० किलोचा माणूस होडीत बसताना ११३ किलोचा होतो. असे तीन डायव्हर आणि ७५ किलोचा तांडेल, म्हणजे होडी चालवणारा, धरला की ४१४ किलो झाले. ॲल्युमिनियमच्या तळाची सव्वाचार मीटरची होडी ९० किलोच्या आसपास, इंजिन ६०, २४ लिटरची भरलेली टाकी २२, नांगर, दोर, ऑक्सिजन, पाणी, रेडिओ मिळून २५. बेरीज ६११ किलो. परतताना सिलिंडरमधली हवा संपलेली असते, त्यामुळे प्रत्येकी दोनेक किलो कमी होतात, पण भिजलेले सूट आणि तळात साचलेलं पाणी त्याहून जास्त भर घालतात. ५० लिटर पाणी म्हणजे ५० किलो, हे विसरू नका.

प्लेनिंगसाठी ठोकताळा असा, की २० ते २५ किलोमागे १ एचपी. ६११ ला २५ ने भागलं तर साडेचोवीस, २० ने भागलं तर साडेतीस. म्हणजे या होडीला २५ एचपी ही खालची मर्यादा आणि ३० योग्य. १५ एचपीवर हीच होडी दोन माणसं घेऊन मजेत उडेल, म्हणूनच रिकाम्या होडीवर घेतलेली चाचणी फसवते.

पण होडीवर एक प्लेट असते. जास्तीत जास्त एचपी, इंजिनाचं जास्तीत जास्त वजन आणि माणसं तिच्यावर लिहिलेली असतात. तिच्यावरचा आकडा २० असेल तर ३० एचपी लावायचं नाही. मागची फळी रबरी नळ्यांना चिकटवलेली असते. जादा जोर आणि जादा वजन सगळं त्या जोडावर येतं, आणि तो सुटतो तो लाटेत आपटतानाच. हिशोब प्लेटमध्ये बसत नसेल तर एक डायव्हर कमी करा किंवा मोठी होडी घ्या.

टू-स्ट्रोक की फोर-स्ट्रोक? वजनात टू-स्ट्रोक जिंकतं, यात शंका नाही. १५ एचपीचं टू-स्ट्रोक ३६ किलोच्या आसपास, फोर-स्ट्रोक ५० च्या. २५ एचपीला टू-स्ट्रोक ५० च्या घरात, फोर-स्ट्रोक ६० ते ७०. होडी रोज वाळूवरून ओढायची असेल तर हा फरक पाठीला कळतो. शिवाय टू-स्ट्रोक गावातला मिस्त्री उघडून देतो. तरीही डायव्हिंगसाठी माझा कौल फ्युएल इंजेक्शनच्या फोर-स्ट्रोकला आहे. डायव्हर वर येण्याची वाट बघत इंजिन बराच वेळ मंद चालतं. त्या चालीत जुनं कार्ब्युरेटरचं टू-स्ट्रोक धूर ओकतं आणि प्लग काळे करतं. डुलणाऱ्या होडीत तो धूर नाकात गेला की पाण्यात उतरण्याआधीच माणसाला उलटी होते. मच्छीमारीसाठी चालणारी केरोसीनची इंजिनं याच कारणाने इथे नकोत. टू-स्ट्रोक घेतलंच, तर लिटरला २० मिली तेल, म्हणजे ५० ला १, आणि तेही टीसी-डब्ल्यू३ या आऊटबोर्डच्या तेलाच्या दर्जाचं, मोटरसायकलचं नाही.

पेट्रोलबद्दल थोडं सविस्तर बोलायला हवं. आपल्या पंपांवर आता २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. बहुतेक आऊटबोर्डच्या पुस्तिकेत मर्यादा १० टक्के लिहिलेली असते. खरेदीआधी तुमच्या मॉडेलची पुस्तिका बघा आणि विक्रेत्याकडून वॉरंटीबद्दल लेखी घ्या. इथेनॉल हवेतली ओल शोषतं. किनाऱ्यावर अर्धी रिकामी टाकी ठेवली की पाणी आणि इथेनॉल वेगळं होऊन तळाशी बसतं, आणि नळी नेमकी तळातूनच ओढते. इंजिन सकाळी पहिल्यांदा सुरू होतं आणि बंदराबाहेर गेल्यावर बंद पडतं, त्याचं कारण पुष्कळदा हे असतं. उपाय म्हणजे टाकी आणि इंजिनाच्या मध्ये पाणी वेगळं करणारा १० मायक्रॉनचा फिल्टर, महिन्याच्या आत संपेल एवढंच पेट्रोल, आणि पावसाळ्यात होडी वर काढताना टाकी, नळी, कार्ब्युरेटर पूर्ण कोरडे. किती पेट्रोल न्यायचं याला तीन भागांचा नियम पुरतो: एक भाग जायला, एक यायला, एक हात न लावता शिल्लक.

शाफ्टची, म्हणजे इंजिनापासून खाली पाण्यातल्या पंख्यापर्यंत जाणाऱ्या दांड्याची, लांबी चुकली तर बाकी सगळं बरोबर असूनही उपयोग नाही. मागची फळी उंचीला १५ इंच असेल तर शॉर्ट शाफ्ट, २० इंच असेल तर लाँग. पंख्याच्या वरची आडवी पट्टी होडीच्या तळाशी समतल किंवा इंचभर खाली हवी. ती वर राहिली तर लाटेत पंखा हवा ओढतो, इंजिन किंचाळतं आणि होडी जागची हलत नाही. फार खाली गेली तर ओढ वाढते आणि पाणी फळीवर उडतं.

पंख्यावर मात्र लोक कधीच खर्च करत नाहीत, आणि निम्मी तक्रार तिथेच असते. कारखान्यातून येणारा पंखा हलक्या होडीच्या हिशोबाचा असू शकतो. भरलेल्या होडीत पूर्ण थ्रॉटल दिल्यावर इंजिनाने पुस्तिकेतल्या पट्ट्यात पोचलं पाहिजे. २५-३० एचपीच्या फोर-स्ट्रोकला तो पट्टा साधारण ५,००० ते ६,००० आरपीएमचा, म्हणजे मिनिटाला तेवढ्या फेऱ्यांचा. तुमचं ४,५०० वर अडकलं तर इंजिन गुदमरतंय. तापेल, काजळी धरेल, पेट्रोल जास्त खाईल. पिच, म्हणजे पंखा एका फेरीत जितके इंच पुढे सरकेल तो आकडा, एक इंचाने कमी केली की १५० ते २०० आरपीएम वाढतात. म्हणजे १२ च्या जागी ९ किंवा १० पिच. रिकाम्या होडीचा सर्वोच्च वेग घटेल, आणि भरलेली होडी पाण्यावर चढेल. टॅकोमीटर, म्हणजे आरपीएम दाखवणारा मीटर, नसेल तर तात्पुरता बसवून घ्या, पण कानाने ठरवू नका.

पंख्याभोवतीची जाळी लावली म्हणून डायव्हरजवळ इंजिन चालू ठेवायची मुभा मिळत नाही. जाळीमुळे वेग आणि जोर दोन्ही घटतात, पिचचा हिशोब पुन्हा करावा लागतो, आणि बोटं तरीही आत जाऊ शकतात. शिडीजवळ माणूस असताना न्यूट्रल पुरेसं नाही, इंजिन बंदच. मग पुन्हा पुन्हा सुरू करणं आलं, म्हणून इलेक्ट्रिक स्टार्ट घ्या, पण दोरीने सुरू होण्याची सोयही असलेलं.

दांड्याचं सुकाणू असेल तर तांडेल अगदी मागे बसतो, आधीच दबलेल्या टोकावर आणखी ७५ किलो. सिलिंडर पुढे सरकवून तोल साधा. किल कॉर्ड, म्हणजे जिची क्लिप निघाली की इंजिन बंद पडतं ती दोरी, तांडेलच्या पायाला किंवा मनगटाला हवीच, आणि दुसरी क्लिप होडीत पुढे बांधलेली. तांडेल पाण्यात पडला तर पहिली त्याच्याबरोबर जाते, आणि दुसरी नसेल तर होडीतल्या कुणालाही इंजिन सुरू करता येत नाही.

नवं इंजिन पहिले १० तास पुस्तिकेप्रमाणे हळू चालवायचं असतं, म्हणून खरी चाचणी त्यानंतर घ्या: तेवढीच माणसं, तेवढीच सिलिंडरं, दुपारचा वारा. पंखा बदलायची अट विक्रेत्याशी आधीच बोलून ठेवा.